ताण कुठून येतो? टेन्शनर नसलेल्या एसी बेल्टचे सोलापुरातले एक प्रकरण

गाडी आठ वर्षांची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, मीटरवर ७८ हजार किलोमीटर. रोजचा रस्ता जुळे सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी आणि परत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली तक्रार अशी: एसीचे बटण दाबले की पहिले चार-पाच सेकंद बॉनेटखालून किंचाळल्यासारखा आवाज येतो. सात रस्त्याला गर्दीत गाडी उभी राहिली की हवा कोमट होते, आणि पुणे रोडला लागून वेग घेतला की पुन्हा थोडी गार येते.

मागचा इतिहास महत्त्वाचा आहे. जानेवारीत, गड्ड्याची यात्रा चालू असताना, एसीचा मूळ बेल्ट कडा उसवल्यामुळे एका गॅरेजमध्ये बदलला होता. थंडीचे दिवस असल्याने त्यानंतर दीड-दोन महिने एसी फारसा लागलाच नाही, त्यामुळे नव्या बेल्टवर भारही आला नाही. मार्चमध्ये ऊन वाढले तसा आवाज सुरू झाला. दुसऱ्या एका ठिकाणी सांगण्यात आले, ‘मालक, गॅस कमी झालाय, भरून घ्या.’ गॅस भरला, पण वजनावर नाही, अंदाजाने. दहा दिवसांत आवाज आधीपेक्षा वाढला.

या प्रकरणात चुका दोन झाल्या आणि दुसरीने पहिलीचा त्रास वाढवला. दोन्हींच्या मुळाशी एकच न विचारलेला प्रश्न आहे: या बेल्टला ताण देतो कोण?

बेल्ट कोणत्या जातीचा आहे

बहुतेक गाड्यांत बेल्टला ताण देणारे काहीतरी बाहेरचे असते. स्प्रिंगचा टेन्शनर, किंवा अल्टरनेटरच्या ब्रॅकेटमधली लांबट खाच, जिच्यात बोल्ट सरकवून बेल्ट आवळता येतो. या इंजिनात दोन बेल्ट आहेत. आतला अल्टरनेटर आणि वॉटर पंप फिरवतो, त्याला टेन्शनर आहे. बाहेरचा फक्त क्रँक पुली (इंजिनच्या मुख्य दांड्यावरची पुली) आणि एसी कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) यांच्यामध्ये फिरतो. तिसरी पुली नाही, टेन्शनर नाही, आणि कॉम्प्रेसरचे बोल्ट गोल भोकांत बसलेले आहेत, म्हणजे तो सरकवायची सोयही नाही. टॉर्च लावून बेल्टची वाट डोळ्यांनी पूर्ण फिरून पाहिली आणि असे चित्र दिसले, तर तो स्ट्रेच बेल्ट आहे असे धरावे.

स्ट्रेच बेल्ट पुलीभोवतीच्या वाटेपेक्षा मुद्दाम थोडा आखूड केलेला असतो. त्याला ताणूनच चढवावे लागते आणि परत आक्रसायची त्याची धडपड हाच त्याचा ताण. हे जमते ते आतल्या दोऱ्यांमुळे. साध्या रिबवाल्या, म्हणजे आतून लांबट उभार असलेल्या, बेल्टमध्ये सहसा पॉलिस्टरचे दोरे असतात, ते जवळपास ताणले जात नाहीत. स्ट्रेच बेल्टमध्ये पॉलिअमाइडचे, म्हणजे नायलॉनच्या जातीचे दोरे असतात. ते ताणले जातात आणि वर्षानुवर्षे ओढ धरून ठेवतात. बाहेरून दोन्ही बेल्ट हुबेहूब सारखे दिसतात. काळे रबर तेच, रिब त्याच, आणि घोटाळा इथेच होतो.

जानेवारीत लावलेल्या बेल्टच्या पाठीवरचा क्रमांक पुसट झाला होता, तरी वाचता आला. ४पीके आणि पुढे लांबीचे आकडे, बाकी काही नाही. ४ म्हणजे चार रिब. पीके म्हणजे रिबमधले अंतर ३.५६ मिलिमीटर, त्यामुळे बेल्टची रुंदी साधारण सव्वाचौदा मिलिमीटर भरते. पाच रिबचा बेल्ट १७.८ मिलिमीटर भरला असता. अंक पूर्ण पुसलेले असतील तर निदान रिबची संख्या मोजपट्टीने अशी ताडून घेता येते. स्ट्रेच बेल्ट असता तर आकड्यांच्या शेवटी खूण असती: गेट्सच्या बेल्टवर एसएफ, डेकोच्या बेल्टवर ईई, कॉन्टिनेन्टलच्या बेल्टवर इलास्ट. इथे तसे काही नव्हते. बेल्ट साधा होता.

साधा बेल्ट मूळ बेल्टच्या छापील लांबीचा घेतला तर तो चढतच नाही, आणि बळजबरीने चढवलाच तर कॉम्प्रेसरच्या पुलीचे बेअरिंग त्या ओढीखाली भरडते. मग थोडा लांब घेतला जातो, पेचकसाने पुलीच्या काठावरून ढकलून बसवला जातो. बसतो, फिरतो, गाडी जाते. पण त्याला ताण देणारे काहीच नसते. या गाडीतही तेच झाले होते. क्रँक पुलीच्या बाहेरच्या काठावर पेचकसाने पडलेला चकचकीत खड्डा होता आणि त्याच बाजूची, बेल्टची सगळ्यात बाहेरची रिब हातभर लांबीत सोलून निघाली होती.

गॅसचा संशय का आला आणि तो का चुकला

गार हवा कमी झाली की पहिले बोट गॅसकडे जाते. या गाडीला मार्चमध्ये दाब मोजायचे गेज लावले असते आणि दोन्ही काटे एकत्र वाचले असते, तर दहा मिनिटांत निकाल लागला असता. गॅस कमी असेल तर चालू इंजिनवर लो (जिथून गॅस कॉम्प्रेसरमध्ये येतो) आणि हाय (जिथून दाबून बाहेर पडतो), दोन्ही बाजूंचा दाब कमी दिसतो. कॉम्प्रेसर नीट फिरतच नसेल, मग कारण बेल्ट घसरणे असो की क्लच (एसी लावल्यावर पुलीला कॉम्प्रेसरशी जोडणारा भाग), तर लो बाजूचा दाब चढलेला आणि हाय बाजूचा पडलेला दिसतो. दोन्ही आकडे एकमेकांकडे सरकतात. फक्त लो बाजूचा एक काटा पाहून निर्णय घेऊ नये.

इंजिन बंद असताना घेतलेला दाबही फसवतो. आर-१३४ए गॅसचा स्थिर दाब ३० अंशांना सुमारे ९७ पीएसआय आणि ४० अंशांना सुमारे १३३ पीएसआय असतो. तो फक्त तापमान सांगतो आणि आत थोडा तरी द्रव गॅस आहे एवढे सांगतो. किती ग्रॅम आहे, हे त्यावरून कधीच कळत नाही. छोट्या हॅचबॅकमध्ये एकूण गॅस साधारण ३५० ते ५०० ग्रॅमच असतो आणि नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. एवढ्या थोड्या मापात अंदाजाने ओतलेले शंभर ग्रॅम फार मोठे ठरतात.

जास्तीच्या गॅसने बेल्टचे काय बिघडते? हाय बाजूचा दाब वाढतो, आणि तो दाब कॉम्प्रेसरला बेल्टच्याच जोरावर चढवावा लागतो. त्यात सोलापूरचा उन्हाळा. बाहेर ४२ अंश असताना कंडेन्सरमधला, म्हणजे गरम गॅस गार करणाऱ्या पुढच्या जाळीतला, गॅस ६० ते ६५ अंशांना द्रव होतो, म्हणजे गेजवरचा दाब १६ ते १८ बारच्या घरात आपोआप जातो. त्यावर जास्तीचा गॅस, आणि या गाडीत कंडेन्सरच्या पत्र्यांमध्ये खालच्या अर्ध्या भागात बारीक धूळ घट्ट बसलेली होती. क्लच ‘टक्’ करून जोडला जातो त्या क्षणी हा सगळा भार एकदम बेल्टवर येतो. सैल बेल्ट तिथे घसरतो, आणि त्या घसरण्याचाच तो आवाज.

आवाजाची खातरी करायला पाण्याची चाचणी सोपी आहे. इंजिन आयडलवर, एसी चालू ठेवून, फवाऱ्याच्या बाटलीने बेल्टच्या रिबच्या बाजूवर लांबून थोडे पाणी मारायचे. आवाज वाढला तर ताण अपुरा आहे. आवाज क्षणभर थांबून पुन्हा आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. या गाडीत आवाज वाढला. बाही, ओढणी, गळ्यातली साखळी यांपैकी काहीही फिरत्या बेल्टजवळ नको.

कापण्याआधी

निदान झाले तरी लगेच बेल्ट कापायला घेऊ नये. आधी खात्री हवी की नव्या बेल्टला फिरवायला मिळणारी वस्तू निरोगी आहे. इंजिन बंद, चावी काढून खिशात. कॉम्प्रेसरच्या क्लचची सगळ्यात पुढची थाळी हाताने फिरवून पाहायची. ती जड पण एकसारखी फिरली तर कॉम्प्रेसर आतून मोकळा आहे. अडकत असेल किंवा करकरत असेल तर नवा बेल्ट लावणे म्हणजे तो जाळणे. क्लच नसलेल्या, कायम फिरणाऱ्या कॉम्प्रेसरला ही चाचणी अशी लागू होत नाही. या गाडीत क्लच होता आणि थाळी नीट फिरली.

पुलीचे बेअरिंग मात्र बेल्ट निघाल्यावरच कळते. म्हणून कापल्यानंतर, नवा चढवण्याआधी, पुली हाताने झटक्यात फिरवून कान द्यावा आणि दोन्ही बाजूंनी धरून हलवून पाहावी. घरघर किंवा डुगडुग असेल तर तिथेच थांबावे.

नवा बेल्ट घेताना जुन्याची लांबी मोजून नेण्यात अर्थ नाही. जुना चुकीचा होता हे तर आहेच, पण मूळचा असता तरी वापरलेला स्ट्रेच बेल्ट नव्याइतका राहत नाही. गाडीचा चेसिस क्रमांक देऊन कंपनीच्या पार्ट काउंटरवरून नंबर काढून घेतला, हाच भरवशाचा रस्ता. बेल्ट सोलापुरात हातात मिळाला नाही, पुण्याहून मागवला आणि तिसऱ्या दिवशी आला. तोपर्यंत गाडी एसी बंद ठेवून चालवता आली, कारण वॉटर पंप आणि अल्टरनेटर दुसऱ्या बेल्टवर होते. मात्र सोललेली रिब निघून आतल्या बेल्टमध्ये गुंडाळली गेली असती तर पंपच थांबला असता. म्हणून लटकणारा तुकडा इंजिन बंद करून कात्रीने छाटला आणि लांबचा प्रवास टाळला.

साहित्य असे जमवले: जॅक, एक अ‍ॅक्सल स्टँड, चाकांना लावायला दोन ठोकळे, व्हील पाना, गोटी सेट आणि लांब दांड्याचा रॅचेट, क्रँक बोल्टच्या मापाची गोटी, तारा कापायची पक्कड, ७ ते ८ मिलिमीटर रुंदीचे नायलॉनचे केबल टाय सहा, नायलॉनचा ब्रश, ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ फडके. काही स्ट्रेच बेल्टसोबत पुलीच्या काठावर अडकवायचे प्लास्टिकचे चढवणीचे साधन येते. ते असेल तर तेच वापरावे. या बेल्टसोबत ते नव्हते, पण क्रँक पुलीला आरपार भोके होती, म्हणून टायने काम होणार होते. भरीव पुलीला टाय बांधायला जागाच नसते, तिथे साधनाशिवाय सुरुवात करू नये.

काम

सकाळी साडेसहाला सुरुवात. मेमधल्या दुपारी पत्रा हाताला चटके देतो, एप्रिलही फार मागे नसतो. अंगणात काळी माती होती आणि तिच्यावर जॅकचा पाय खचतो, म्हणून खाली जाड फळी टाकली. हँडब्रेक, न्यूट्रल, मागच्या चाकांना ठोकळे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, कारण हात बेल्टमध्ये असताना कुणी चावी फिरवण्याची शक्यताच उरू नये. उजवे पुढचे चाक उचलून कंपनीने दिलेल्या जागेवर अ‍ॅक्सल स्टँड लावला आणि चाक काढले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये.

चाकाच्या आतला प्लास्टिकचा लाइनर सोडवताना एक गोष्ट सापडली. खालच्या तीन क्लिपपैकी दोन नव्हत्या. तिथून चाकाने उडवलेली माती थेट पुलीवर जात होती. खाचांमध्ये रबराची पूड आणि माती मिळून करडा थर बसला होता.

कापण्याआधी मोबाइलवर दोन्ही पुल्यांचे जवळून फोटो काढले. कधीकधी पुलीला बेल्टपेक्षा एखादी खाच जास्त असते आणि बेल्ट नेमका कोणत्या खाचांत चालत होता हे नंतर आठवत नाही. मग मधल्या मोकळ्या पट्ट्यावर पक्कड लावून बेल्ट कापला. पात्याचे तोंड एसीच्या पाइपकडे किंवा व्हील सेन्सरच्या तारेकडे नको. स्ट्रेच बेल्ट काढायची पद्धत हीच आहे, कापणे. न कापता तो उतरवायचा म्हणजे पुन्हा काठावरून ओढावा लागतो आणि तसा उतरवलेला बेल्ट परत लावण्यालायक राहत नाही.

खाचा कोरड्या ब्रशने, मग फडक्यावर ब्रेक क्लीनर घेऊन पुसल्या. तेल, साबण, पावडर, बेल्टवर मारायचा स्प्रे यांपैकी काहीही नाही. ओल्या किंवा गुळगुळीत खाचेत बेल्ट चढायला सोपा जातो, पण नंतर घसरतो. क्रँकच्या ऑइल सीलभोवती ओल नव्हती. असती तर आधी सील, कारण तेलाने रबर फुगते. पुलीच्या काठावरचा पेचकसाचा खड्डा बारीक पॉलिश पेपरने फक्त टोचणार नाही इतका घासला आणि पूड पुसून काढली.

आता चढवणे. बेल्ट आधी कॉम्प्रेसरच्या पुलीवर पूर्ण बसवला, चारही रिब चार खाचांत. मग क्रँक पुलीकडे. इंजिन फिरते त्या दिशेने, म्हणजे या इंजिनात पुलीकडून पाहताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, पुली फिरल्यावर बेल्ट ज्या बाजूने तिच्यावर येतो त्या बाजूला तो खाचांत बसवला आणि तिथेच दोन टाय शेजारीशेजारी, पुलीच्या भोकातून घेऊन बेल्टवरून आवळले. टायची गाठ पुढच्या तोंडावर ठेवायची, बेल्टखाली जाता कामा नये. टायच्या पुढचा बेल्ट अजून पुलीच्या बाहेर तिरका लटकलेला असतो, तो तसाच राहू द्यायचा.

पहिला प्रयत्न फसला. रॅचेटने पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवून तपासले तेव्हा बेल्ट क्रँकवर एक खाच बाहेर बसलेला दिसला. चौथी रिब हवेत होती. या कामातली सगळ्यात नेहमीची चूक हीच, आणि इतक्या लवकर दिसली तर नुकसान काही नाही. टाय कापले, बेल्ट अजून पूर्ण ताणलेला नसल्याने आपोआप सुटला. इंजिन उलटे फिरवले नाही. टायमिंग चेनच्या टेन्शनरसाठी ते बरे नसते.

दुसऱ्यांदा खाचा नखाने मोजून टाय बांधले. क्रँक बोल्टवर गोटी, लांब दांडा, आणि सावकाश, एकसारख्या ओढीने फिरवणे. घड्याळाच्या दिशेने फिरवताना बोल्ट सुटत नाही, आवळला जातो. पुली फिरते तशी टाय बांधलेली जागा बेल्टला ओढत पुढे नेते आणि मागचा भाग खाचांत बसत येतो. शेवटच्या टप्प्यात, बेल्ट सर्वांत जास्त ताणला जातो तेव्हा, दांडा जड होतो. तिथे झटका मारायचा नाही, थांबायचेही नाही. एक माणूस दांड्यावर, दुसरा फक्त कॉम्प्रेसरच्या पुलीवर बेल्ट जागचा हलत नाही ना हे पाहायला, आणि बोटे कुणाचीच बेल्ट व पुलीच्या मध्ये नाहीत. अर्ध्या फेऱ्याच्या थोडे पुढे बेल्ट ‘थप्’ करून बसला. टाय दिसतील तिथे पुली थांबवून कापले आणि तुकडे मोजून बाहेर काढले.

इंजिन सुरू करण्याआधी रॅचेटने आणखी दोन पूर्ण फेरे, आणि प्रत्येक पाव फेऱ्याला दोन्ही पुल्यांवर टॉर्चने तपासणी. मग बॅटरी जोडून एसी बंद ठेवून तीस सेकंद, बंद, पुन्हा पाहणी. त्यानंतर एसी चालू, आयडलवर आणि दोन हजार आरपीएमवर. आवाज नाही.

लाइनर नव्या क्लिप लावून बसवला. चाकाचे नट टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्यावर आवळले. छोट्या गाड्यांत तो बहुधा ८५ ते ११० न्यूटन मीटर असतो. सगळे मिळून दोन तास दहा मिनिटे गेली, त्यातली पंचवीस मिनिटे पहिल्या प्रयत्नात.

बेल्टनंतर राहिलेले

इथे थांबले असते तर काम अर्धेच झाले असते. नवा बेल्ट घसरत नाही, म्हणून जास्तीच्या गॅसचा सगळा भार आता कॉम्प्रेसर आणि त्याच्या बेअरिंगवर पडणार होता. कंडेन्सर आधी घरीच धुतला. बागेच्या नळीची मंद धार, शक्य तिथे इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने. प्रेशर वॉशरची धार जवळून मारली तर पत्रे वाकतात आणि वारा कायमचा अडतो. पंखा एसी सुरू होताच फिरतो का, हे पाहिले. फिरत होता. मग गाडी एसीच्या दुकानात नेऊन गॅस मशीनने पूर्ण काढला, व्हॅक्यूम केला आणि स्टिकरवरच्या वजनाइतकाच भरला. हे घरी करायचे काम नाही, आणि गॅस हवेत सोडणे तर मुळीच नाही.

पाचशे किलोमीटरनंतरच्या तपासणीत रिबच्या कडा एकसारख्या होत्या, पुलीभोवती काळी पूड नव्हती आणि कॉम्प्रेसरच्या बाजूला बेल्ट मध्यावर चालत होता. पुढे पाहताना एक लक्षात ठेवावे लागेल. आजचे ईपीडीएम रबराचे बेल्ट जुन्यांसारखे भेगाळत नाहीत, ते रिबच्या बाजूंनी झिजत जातात. भेगा नाहीत म्हणून बेल्ट चांगला, हा हिशेब त्यांना लागत नाही. दोन रिबमधली खाच रुंद आणि खोल होऊन रिब पुलीच्या तळाला टेकू लागली की तो संपला. बेल्टचा पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरांसह, किलोमीटरचा आकडा आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला, गॅसच्या स्टिकरशेजारी चिकटवली आहे.